दारफळणीच्या दिवशी उघडलेलं दार

तिर्झा कुणाकडेही जायची. हेच माझं दुःख होतं, आणि ते कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. जेमतेम उभं राहू लागलेलं बाळ हसतमुखाने परक्याच्या कडेवर जातं, याचं सगळ्यांना कौतुक. दूधवाला आला, त्याच्याकडे. शेजारच्या सुमनमावशी आल्या, त्यांच्याकडे. आजारी बैल नवऱ्याला दाखवायला घेऊन आलेल्या अनोळखी माणसाकडेसुद्धा. "लई गुणाची हाय गं तुजी पोर, कुणाकडं बी जाती," मावशी म्हणायच्या. मी हसायचे, आणि आत येऊन उगाच भांडी आपटायचे. शिशुगृहात ती अनेक हातांमधून वाढली होती, त्यांत माझे आणखी दोन हात. मी खोलीतून बाहेर गेले तर ती रडायची नाही, परत आले तर हुरळायची नाही. लग्नानंतर इतकी वर्षं वाट पाहून जिला दत्तक घेऊन घरी आणलं, ती घरात पाहुण्यासारखी राहत होती.

आम्ही बेने इस्राएली, मूळचे कोकणातले. नवरा जनावरांचा डॉक्टर, त्याची बदली युसूफ वडगावला झाली म्हणून इकडे आलो. गावात ज्यू घर आमचं एकच. शुक्रवारी दिवेलागणीला मी दोन दिवे लावते, मनुका भिजवून त्यांचं सरबत करते, मटणाच्या जेवणात दूध-दही येऊ देत नाही. सुरुवातीला लोकांना नवल वाटलं, मग सवय झाली. तिर्झाला आम्ही कोकणात नेलं, वडीलधाऱ्यांच्या साक्षीने समुद्रात बुडी दिली, नाव ठेवलं. कायद्याने ती आमची झाली, धर्माने झाली. माझी कधी होणार, हे मात्र कोणी सांगू शकत नव्हतं. मग माझ्या डोक्याने घेतलं की मीच कुठेतरी कमी पडतेय. एकही नियम चुकवला नाही तर देव तिचं मन माझ्याकडे वळवील. त्या दिवसांत माझं चित्त थाऱ्यावर नव्हतं. प्रार्थना करता करता मी उठायचे, तिच्याकडे बघायचे, पुन्हा बसायचे, आणि कुठवर आले होते तेच विसरायचे.

अशात किप्पूरचा उपास आला. आमची जुनी माणसं त्याला दारफळणीचा सण म्हणत. आदल्या संध्याकाळपासून दार लावून घ्यायचं, पांढरे कपडे घालायचे, अन्नपाण्याला शिवायचं नाही, बाहेरच्या माणसाशी बोलायचं नाही, दिवसभर क्षमा मागायची. हल्ली इतकं कडक कोणी पाळत नाही. मी पाळायचं ठरवलं. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, म्हणून नवरा आदल्या दिवशीच पुण्याला गेला. जाताना म्हणाला, "अगं, लहान लेकरू आहे घरात, फार ताणू नकोस." मी ताणलंच. पुढच्या दाराला वरखाली कड्या घातल्या, खिडक्या लावल्या, फोन बंद केला, परसाच्या फाटकालासुद्धा कुलूप घातलं. एवढ्याने भागलं नाही म्हणून मावशींना बजावून ठेवलं, "उद्या कोणाला इकडे फिरकू देऊ नका. मी बडबडी आहे, मला राहवणार नाही. मी स्वतः हाका मारल्या तरी ओ देऊ नका." मावशींनी गळ्यावर चिमटा घेऊन शपथ घेतली. "न्हाई मोडू देत तुजा उपास. म्या पाहारा देते."

दुसऱ्या दिवशी दुपार टळल्यावर मी परसात दुपटी काढायला गेले. दोरीवरची दुपटी खांद्यावर टाकून वळते तोच पाठीमागे खट् आवाज झाला. तिर्झा रांगत दारापाशी आली होती, दाराला धरून उभी राहिली होती, दार लोटलं गेलं होतं, आणि आतला खालचा बोल्ट तिच्या हाताने सरकला होता. मी दार ढकललं, ते हललं नाही. "तिर्झा, सोन्या, तो उलटा ओढ," मी म्हणाले. एवढ्याशा लेकराला काय कळणार! आतून ती खुदकन हसली.

दाराशेजारी गजांची एक खिडकी आहे, तेवढी उघडी होती. तिच्यातून समोरच्या खोलीपर्यंत दिसतं. तिथे ट्रंकेवर पांढरी चादर अंथरून मी उपासाचा दिवा ठेवला होता, काचेच्या पेल्यात तेल आणि वात. तो दिवसभर तेवत ठेवायचा असतो. चादरीची कड खाली लोंबत होती. तिर्झाने दार सोडलं आणि ती सरळ तिकडे रांगत निघाली. दिसेल त्याला धरून उभं राहायचं, हा तिचा त्या दिवसांतला खेळच होता. मी गजांमधून हात घातला, बोल्ट लांब राहिला. माझ्या तोंडून मोठ्याने शमा इस्राएलची प्रार्थना निघाली, मग नुसती किंकाळी. पलीकडे मावशींची पिठाची गिरणी घरघरत होती. मावशी गच्चीवर वाळत घातलेले मूग हलवत होत्या. मी दोन्ही हात हलवले, जीव खाऊन हाका मारल्या. त्यांनी मला पाहिलं, तोंडावर बोट ठेवलं, कौतुकाने हसल्या आणि पाठ फिरवून जिना उतरून गेल्या. मी घातलेली शपथ त्या अगदी मनापासून पाळत होत्या.

आत तिर्झाने चादर मुठीत धरली होती. पेला किंचित सरकलेला मला दिसला. त्या क्षणी मी देवाला काहीही कबूल केलं नाही, कसला नवस बोलले नाही. "तूच बघ, मला काही येत नाही," एवढंच म्हटलं. ते खरं होतं.

मागच्या गल्लीतून मेंढ्यांचा कळप चालला होता. भिंतीवरून आवाज आला, "कावून वरडताव, बाई?" लाल पागोटं दिसलं. मी काय बोलले मला आठवत नाही, बहुतेक नुसतं खिडकीकडे बोट दाखवलं. तो माणूस भिंतीवर चढला आणि उडी टाकून आत आला. वयस्कर होता, खिशातला मोबाइल गाणं म्हणत होता. बाभळीच्या शेंगा ओढायची लांब आकडी त्याच्या हातात होती. ती त्याने गजांतून आत घातली, बोल्टाला अडकवली. एकदा निसटली. "थांबा, घाबरू नगा," म्हणाला आणि पुन्हा ओढली. बोल्ट सरकला. मी कशी धावले ते मला माहीत नाही. चादर निम्मी खाली आली होती. एका हाताने पेला उचलून फळीवर ठेवला, दुसऱ्या हाताने तिर्झाला उचलून छातीशी धरलं.

तो दारातच उभा होता. "वाचलं लेकरू," म्हणाला, आणि रीतीप्रमाणे दोन्ही हात पुढे केले, "ये गं मह्याकडं." तिर्झाने त्याच्याकडे पाहिलं. तिचा ओठ बाहेर आला. तिने माझ्या मानेत तोंड खुपसलं, माझे केस मुठीत धरले आणि भोकाड पसरलं. मला आधी समजेचना. तो हसला. "आयला सोडून येती व्हय ती? लई पक्की हाय." मग प्यायला पाणी मागितलं. मी तिला तशीच कडेवर घेऊन तांब्या भरून दिला. पाणी पिऊन तो गेला. मी त्याचं नावही विचारलं नाही. नंतर चौकशी केली, पण कळप पुढे गेला होता.

आमचा प्रेषित एलियाहू हन्नबी संकटात कुणाच्याही रूपात येतो, असं आमच्याकडे मानतात. तो धनगर कोण होता यावर मी वाद घालत नाही. मला एवढंच दिसतं, की ज्यांना म्हणून मी येऊ नका सांगितलं होतं ती सगळी माझी माणसं होती, आणि आला तो ज्याला सांगायचं राहून गेलं होतं तो. नवरा परतल्यावर त्याने सगळं ऐकून घेतलं. "जिवापुढे कुठलाच नियम नाही, हे आपल्याच धर्मात आहे की," एवढंच म्हणाला. पुढच्या आठवड्यात आम्ही एलियाहू हन्नबीच्या नावाने मलिदा केला. गूळ-खोबरं घातलेले गोड पोहे आणि फळं मावशींच्या घरी पोचवली. त्या रडत होत्या, "म्या तोंडावर बोट ठेवलं गं." मी त्यांना जवळ घेतलं. त्यांचा काय दोष?

पण मनात राहिली आहे ती त्याच दिवसाची संध्याकाळ. दार मी पुन्हा लावलं नाही. उपास मात्र सोडला नाही. दिवस कलताना शेवटची प्रार्थना असते, त्या वेळी स्वर्गाची दारं मिटतात म्हणतात, मागायचं ते तेवढ्यात मागून घ्यायचं. महिनाभर मी काय काय मागायचं ते घोकत होते, ही माझी होऊ दे, माझ्या हातून काही चुकू देऊ नकोस. प्रार्थनेचं पुस्तक समोर होतं. तिर्झा रडून रडून माझ्या दंडावर झोपली होती, केस अजून तिच्या मुठीत होते. मी चुकले होते, बोलले होते, दार सताड उघडं होतं, आणि त्या कृपाळूने मला काहीच विचारलं नव्हतं. मागायला काही आठवलंच नाही. "तुझे उपकार," म्हणाले आणि बसून राहिले. हाताला मुंग्या आल्या होत्या. तो मी हलवला नाही.