मुन्शीजींचा गेरू

"पाळन्यातलं पन सांगा," असं म्हणत मुन्शीजी दाराशी चपला काढत. आत जायचं नसलं तरी काढत. मी हसलो की मलाच सुनावत, "मानसं मोजाया आलोय, मास्तर. ढोरं न्हाईत."

निजामाच्या राजवटीत शिरगणती आली की घराघरावर गेरूने नंबर पडत. माजलगावकडच्या आमच्या गावात हे काम मुन्शीजींचं, आणि गेरूचा डबा धरायला मी, शाळेतला नवा मास्तर. लेकरांचा आकडा सांगितला तर दृष्ट लागते म्हणून बाया हमखास दोन-तीन कमी सांगत. मुन्शीजी वाद घालत नसत. "आज भाकरी किती थापल्या?" एवढंच विचारत. तुम्हाला हसू येईल, पण इतकी पक्की मोजणी मी दुसऱ्या कुणाची पाहिली नाही.

गावाची घरं एकशे बारावर संपली. पुढे सिंदफणेच्या काठी पाथरवटांची वस्ती होती. जाती-पाटे घडवणारी ही माणसं काही वर्षांपूर्वी येऊन राहिली होती आणि पाटलांना ती जागा हवी होती.

"आज हायत, उद्या न्हाईत. त्यांना कावून मोजता?" पाटलांनी वाट अडवली. वस्ती कागदावर आली नाही तर तिला उठवणं सोपं, हे आम्हा दोघांनाही कळत होतं.

"ऱ्हातंय त्याला मोजायचं, असा हुकूम हाय, पाटील," मुन्शीजी म्हणाले आणि चालू लागले.

वस्तीत एक म्हातारी तेवढी होती. बाकीचे वेठबिगारीच्या धाकाने ज्वारीत लपलेले.

"मी एकलीच हाय," ती म्हणाली.

मुन्शीजींनी चपला काढल्या, टोपलीत डोकावले. "आजी, अकरा भाकरी एकली खाती व्हय? लई पैलवान हायस की!"

म्हातारी आधी गोरीमोरी झाली, मग खुदकन हसली. तिने हाक मारली तशी ज्वारीतून एकेक डोकं वर आलं.

झोपड्यांच्या कुडावर गेरू बसेना. मुन्शीजींनी प्रत्येक झोपडीपुढच्या दगडावर नंबर काढला. शेवटच्या, एकशे एकोणतीस नंबरच्या झोपडीत नऊ दिवसांची पोर होती. "तिचं बारसं व्हायचंय," आई म्हणाली.

"नाव सावकाश ठेवा. मोजून तर घेतो."

पावसात गेरू धुऊन जाईल म्हणून पाथरवटांनी ते आकडे छिन्नीने कोरून काढले. पुढे पाटलांची माणसं वस्ती उठवायला आली, तेव्हा म्हातारी आपल्या दगडावर ठाण मांडून बसली. "सरकारात आमचा लंबर हाय!" माणसं परत गेली. वस्ती आजही तिथंच आहे. मी नुसता डबा धरला होता, तरी मला त्याचा अभिमान वाटतो.

मुन्शीजी गेले. त्यांना मागेपुढे कुणी नव्हतं, म्हणून कबरीला दगड आपणच बसवावा असं ठरवून मी चाळिसाव्या दिवशी गेलो. दगड आधीच बसला होता, चांगला घोटून गुळगुळीत केलेला. त्यावर नाव नव्हतं. एकशे तीस, एवढंच कोरलेलं होतं.

मी चपला काढल्या.