कानाला लावलेला स्क्रूड्रायव्हर

तापलेल्या ग्रीसचा वास आला की धुळ्याचं वर्कशॉप आठवतं. तेलविहिरीवरचा तीन सिलिंडरचा पंप दुरुस्त करून आम्ही चाचणीला लावला, तर आतून ठकठक येऊ लागली आणि न्यायला आलेला ट्रक फाटकाशी उभा होता. "तिन्ही सिलिंडर खोला," साहेब म्हणाले. म्हणजे अख्खा दिवस गेला. मी नवा होतो, तरी पंप चालू असतानाच लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक एकेका सिलिंडरवर टेकवून मूठ कानाला लावली. सोनगीरला आमच्या विहिरीवरच्या पंपाचं इंजिन माझे वडील, आबा, मान वाकडी करून असंच ऐकायचे. ठकठक मधल्यातच सगळ्यात मोठी होती. "फक्त मधला खोलू," मी म्हणालो, आणि साहेबांनी होकार देताच पाना उचलला. आत व्हॉल्व्हची स्प्रिंग तुटलेली निघाली. काळ्या हातांनीच आबांना फोन लावून सगळं सांगितलं. "मंग काय, तो बी पंपच शे ना," आबा म्हणाले. आता कंपनं मोजायचं यंत्र हाताशी असतं, पण ते लावण्याआधी मी अजून आबांसारखीच मान वाकडी करतो.