शिवेच्या राखणदाराचा नारळ

पंजाबात अमृतसरहून सीमा दाखवणारी एका दिवसाची ट्रिप ठरवताना लोक काय विचारतात? गाडी एसी आहे का, जेवण मिळेल का. माझ्या सासूबाई, लालबागच्या सुभद्राबाई, दादरला एजंटांच्या ऑफिसात जाऊन एकच विचारत होत्या, "नारळ नेऊक देतत काय?"

त्याचं असं झालं. माझा नवरा सुशांत त्या सीमेवर दोन वर्षं जवान होता. तेव्हा आईंनी इथे ओट्यापाशी उभं राहून तिथल्या राखणदाराला नारळाचा नवस बोलला. कोकणात गावाच्या शिवेवर राखणदार, म्हणजे गाव राखणारा देव, असतो आणि त्याला नारळ द्यावा लागतो. देशाची शीव म्हणजे जरा मोठ्या गावाची, एवढीच आईंची समजूत.

सुशांत चार वर्षांपूर्वी नोकरी सोडून आला. धडधाकट आला, पण गप्प आला. "हो", "नाही", "बघू", संपलं. ज्याच्याशी मी लग्न केलं, तो बडबड्या माणूस कुठे गेला कोण जाणे. मला राग यायचा, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटायचं. आई म्हणायच्या, "नारळ देवचो रवलो मा. म्हणान राखणदारान अर्धो सुशांत थयच ठेवन घेतल्यान."

पहिला एजंट नुसता हसला. दुसरा म्हणाला, "आजी, नारळ काय, फुल पूजा करू. टेन्शन नाय." आई तडक उठल्या. जिन्यात मला म्हणाल्या, "जो कशाकच नाय म्हणना नाय, तेचा काय खरा नाय."

तिसरा गौतम. तो सरळ म्हणाला, "मावशी, नारळ आत सोडणार नाहीत. चेकिंगपर्यंत मी नेतो, पुढचं तुम्ही बघा." आईंनी लगेच तीन नावं लिहायला सांगितली. घरी सुशांत म्हणाला, "बघू." आईंनी ते होच धरलं.

अमृतसरहून दुपारी निघालो, तेव्हा नारळ आईंच्या मांडीवर होता. चेकिंगच्या रांगेत एक कोवळा जवान म्हणाला, "माताजी, ये अंदर नहीं जाएगा."

"माका खय जावचा हा आत?" असं म्हणून आई बाजूच्या झाडाखाली गेल्या. नारळ ठेवला, पदर डोक्यावर घेतला आणि राखणदाराला मोठ्यानं गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. अख्खी रांग वळून बघायला लागली. मी लाजेनं अर्धमेली.

"बा शिवेच्या राखणदारा, माझ्या झिलाक तू हातापायान सुखरूप धाडलंस. नारळाक उशीर झालो, चूक पदरात घे. आणि हेचो जो अर्धो तुझ्याकडे रवलो हा, तो आता घराक सोड रे म्हाराजा!"

गाऱ्हाणं एकट्यानं पुरं होत नाही. सोबतच्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणावं लागतं. मी दादरची, एवढ्या लोकांत माझं तोंडच उघडेना. आई डोळे मिटून थांबल्या होत्या.

"व्हय म्हाराजा!"

सुशांत. खणखणीत आवाज, चार वर्षांत न ऐकलेला. मला रडूच आलं.

मग त्यानंच दगडावर नारळ फोडला आणि खोबऱ्याचं पहिलं शकल त्या जवानाला दिलं. जवानानं ते कपाळाला लावून खिशात टाकलं.

परतीच्या गाडीत सुशांत बोलायला लागला. तिथली थंडी, बराकीतला लंगडा कुत्रा, डाळ करपवणारा आचारी. अमृतसरचे दिवे दिसले तरी थांबेना.

शेवटी आईच वैतागल्या. "गप रव रे आता. माका जरा झोपूक दी."