नदीत उतरू नये

दुधना नदीच्या काठावरच्या त्या शाळेत मी पहिल्यांदा गेले, तेव्हा माझ्या खांद्यावरची पेटी बघून मुलं दंड लपवायला लागली. त्यांना वाटलं, सुई टोचायला बाई आली. पेटीत भिंगं होती, पांढऱ्या ताटल्या होत्या, चहाच्या गाळण्या होत्या. हे सगळं मी टेबलावर मांडलं तेव्हा विज्ञान शिकवणारे गुरुजी म्हणाले, "बाजार भरवला की तुमी."

मी प्राणिशास्त्र शिकलेली. परभणीतल्या एका संस्थेने शाळकरी मुलांना नदी शिकवायचा प्रकल्प घेतला होता, त्यात मला काम मिळालं होतं. दर शनिवारी परभणीहून रेल्वेने सेलूला जायचं, तिथून जीपने गावात. सकाळची शाळा सुटली की सहावी-सातवीची मुलं घेऊन नदीत उतरायचं. गुरुजी निवृत्तीला आले होते. त्यांची एकच अट होती. "मोजून न्या आन् मोजून आणा. एक लेकरू कमी भरलं तर माझी पेन्शन गेली."

जुन्या मच्छरदाण्या फाडून आम्ही जाळ्या शिवल्या. गावाच्या खालच्या अंगाला एक उथळ, दगडाळ जागा होती. तिथं पाणी घोट्यापर्यंत यायचं आणि आवाज करत पळायचं. तिथले दगड उलटायचे, खालच्या अळ्या ताटलीत घ्यायच्या, भिंगाखाली बघायच्या आणि दगड पुन्हा होता तसा ठेवायचा. तीन शेपट्यांची बारीक अळी सापडली की पाणी चांगलं. गटार मिळतं तिथल्या चिखलात नुसत्या लाल अळ्या निघायच्या. मुलांना हे लवकर समजलं. महिन्याभरात ती मला विचारेनाशी झाली, आपसातच भांडायला लागली.

त्यांच्यात सातवीतली एक मुलगी होती. अंगाने बारकी, आवाजाने मोठी. तिचे आईवडील दरसाल दसऱ्यानंतर ऊसतोडीला जायचे आणि धाकट्या भावाला सांभाळायला तिलाही न्यायचे. त्या वर्षी ती हट्टाला पेटली. शेवटी तिला गावातच चुलत्याच्या घरी ठेवायचं ठरलं. निघायच्या आधी तिची आई शाळेत आली होती. मला म्हणाली, "म्याडम, हिला नदीचा लय नाद लागलाय. शाळेचा बी लावा थोडा."

मी हसले होते. मला बरं वाटलं होतं.

दिवाळीची सुट्टी संपवून मी गावात गेले तेव्हा आमची दगडाळ जागा उरलेली नव्हती. दगड नव्हते, वाळू नव्हती. पात्रात मोठमोठे खड्डे होते, त्यांत गढूळ पाणी साचलेलं होतं आणि काठावर ट्रॅक्टरच्या चाकांच्या खोल चाकोऱ्या. मुलं जाळ्या हातात धरून उभी राहिली. एकाने दोरीला दगड बांधून खड्ड्यात सोडला. दोरी संपली तरी दगड टेकला नाही.

"म्याडम, आता कुठं बघायचं?" त्याने विचारलं.

त्या मुलीने उत्तर दिलं. "हेच बघायचं. हे बी नदीतच हाय की."

मग पुढचे काही शनिवार आम्ही तेच बघितलं. कुठे पाणी वाहतं, कुठे थांबलंय, कोणत्या ठिकाणी काय सापडतं. मुलांनी मोठ्या कागदावर नदीचा नकाशा काढला. वाहतं पाणी निळं, खड्डे लाल. सुरुवातीला निळं जास्त होतं.

सरपंचांना या नकाशाचं कुठून तरी कळलं. त्यांनीच गुरुजींना निरोप धाडला, "सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत लेकरांचं कायतरी ठेवा. बरं दिसतं." नकाशात काय आहे हे त्यांनी विचारलं नाही आणि आम्ही सांगितलं नाही. झेंडावंदन झालं, जिलेबी वाटून झाली आणि ती मुलगी नकाशासमोर उभी राहिली. मी तिच्याकडून काही पाठ करून घेतलं नव्हतं.

"हितं पाणी पळत व्हतं," ती म्हणाली. "आता थांबलंय. दगड गेले म्हणून किडे गेले. किडे गेले म्हणून मासोळ्या यीनात. लाल हायेत ते खड्डे. रेती कोण नेतंय ते आमी लिहिलं न्हाई. सगळ्यायला माहीत हाय."

कुणीतरी मागे फिस्सकन हसलं. तिचा चुलता तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसला होता. तो गावातल्याच एका मालकाच्या ट्रॅक्टरवर ड्रायव्हर होता आणि तो ट्रॅक्टर रेतीचाच होता. हे मला त्या दिवशी, लोकांच्या माना त्याच्याकडे वळल्या तेव्हा कळलं. तिला अर्थातच आधीपासून माहीत होतं. गुरुजींनी घाईघाईने टाळ्या वाजवल्या आणि पुढचा विषय नळाच्या पाइपाचा निघाला.

दुसऱ्या शनिवारी ती शाळेत नव्हती. मी तिच्या चुलत्याच्या घरी गेले. चुलता दारातच खाटेवर बसला होता. त्याने मला बसायला सांगितलं, चुलतीने पाणी आणून दिलं. भांडायला कुणी उभं नव्हतं.

"पाठवून दिलं तिला आईबापाकडं, कारखान्याला," तो म्हणाला.

"तिची परीक्षा जवळ आली आहे, काका."

"म्याडम, मालकानं मला गाडीवरून उतरवलं. पाया पडून परत चढलो. घरात ठिवलेली पोरगी भर सभेत माझ्याच पोटावर बोलायली, तर मी काय करू?" आवाज चढला नव्हता. "तुमी आज हायेत, उद्या परभणीला निघून जाताल. आमाला हितंच ऱ्हायचंय."

चुलती माझ्याकडे न बघता म्हणाली, "लय रडली जाताना."

सोमवारी मला संस्थेच्या कार्यालयात बोलावलं. आमचे समन्वयक चांगले शिकलेले, मृदू बोलणारे गृहस्थ. गावातून त्यांना फोन गेला होता. कोणाचा, ते त्यांनी सांगितलं नाही. ते म्हणाले, "आपण मुलांची नदीशी मैत्री करून देतो. गावाशी भांडण लावून देत नाही."

"मुलांनी जे बघितलं ते सांगितलं, सर."

"मग त्यांना दुसरं काहीतरी बघायला लावा."

मी मुलीचं शिक्षण सुटल्याचं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि वाईट वाटल्याचं म्हणाले. खरंच वाटलं असेल. मग त्यांनी विचारलं की तिचा जाळी धरलेला एखादा चांगला फोटो आहे का, वार्षिक अहवालाच्या मुखपृष्ठासाठी हवाय. मी नाही म्हणाले. फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता.

फेब्रुवारीच्या शेवटी एका शेतकऱ्याची गाभण गाय पाणी प्यायला उतरली आणि खड्ड्यात गेली. गावकऱ्यांनी दोर लावून ओढून काढली तोवर ती मेली होती. मला वाटलं, आता तरी काही होईल. झालंही. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक भरली आणि मला निमंत्रण आलं. भिंतीला आमचा नकाशा टांगलेला होता. समितीचे अध्यक्ष लाल डागांवर बोट ठेवून पालकांना समजावत होते.

"बघा, कसा जागोजाग धोका हाय. तुमच्याच लेकरांनी काढून दाखवलाय." मग माझ्याकडे वळून त्यांनी हात जोडले. त्यात टोमणा नव्हता. "म्याडम, तुमच्यामुळं डोळे उघडले. आता एक बी लेकरू नदीत जाऊ द्यायचं न्हाई."

मी म्हणाले, "खड्डे बंद करता येतील ना?"

एका बाईने पदर तोंडाला लावला. गुरुजी खिडकीबाहेर बघत राहिले. ठराव झाला. पुढच्या शनिवारी नदीच्या वाटेवर पत्र्याची पाटी लागली होती: धोका, विद्यार्थ्यांनी नदीत उतरू नये. मी ती वाचत होते तेव्हा तिच्या शेजारूनच रेतीने भरलेला ट्रॅक्टर वर आला. पाटीला धक्का लागू नये म्हणून ड्रायव्हरने जरा बाजूने काढला.

आमचा प्रकल्प मात्र बंद पडला नाही. संस्थेने शाळेच्या भिंतीवर नदी रंगवून दिली. चित्रकार पाथरीहून आणला होता. त्याने नेटवरून बघून उड्या मारणारे मासे काढले. दुधनेत तसला मासा कोणी बापजन्मात बघितला नसेल. मुलांना रांगेत बसवून चित्रकला स्पर्धा घेतली, विषय 'माझी नदी'. ज्या मुलांनी हाताने अळ्या वेचल्या होत्या, त्यांनी दोन डोंगर काढले, मधून सूर्य काढला आणि निळी पट्टी ओढली. मी त्यांना काही म्हणाले नाही. त्यांना बरोबर समजलं होतं की आता काय मागितलं जातंय.

मार्चअखेरीस मी काम सोडलं. कोणी थांबवलं नाही.

वैशाखात एकदा मी त्या गावात गेले. ऊसतोडीची माणसं परत आली होती. ती मुलगी घरापुढे भांडी घासत होती. मला बघून उठली, हात परकराला पुसले. बोटांना उसाच्या पाचटाने चिरा पडलेल्या. आईने आतून चहा ठेवल्याचं सांगितलं.

"शाळा?" मी विचारलं.

"आई म्हणती, बघू."

काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तिकडं कारखान्याजवळ नदी होती का गं?"

"व्हती. लय मोठी. पाण्यावर फेस यायचा, वास मारायचा."

"काही बघितलंस का त्यात?"

तिने राखेत हात घातला आणि पुन्हा पातेलं घासायला घेतलं.

"न्हाई उतरले," ती म्हणाली. "कोणाची हाय, काय माहीत."