नावेत शेवटी कोण चढलं?

माझ्या बायकोला माझ्या सगळ्या लबाड्या पाठ आहेत. डॉक्टरांनी गोड बंद केल्यावर चोरून खाल्लेली जिलबीसुद्धा ती पाहुण्यांसमोर हौसेनं सांगते. ही एक मात्र तिलाही ठाऊक नाही. सत्तरी उलटली, नातवंडं लग्नाला आली, आणि ही गोष्ट अजून माझ्या तोंडून कुणापुढं निघालेली नाही. का नाही निघाली? लाज वाटत होती, दुसरं काय! आज तुमच्यापाशी बोलतो.

पण आधी नावेचं सांगू द्या. आज रहाटणीहून पिंपरीला जाणाऱ्याला मधे नदी लागते हे तरी कळतं का? पुलावरून भुर्रकन निघून जातात. आमच्या वेळी — पन्नास सालानंतरची ती वर्षं — पवनेला पाणी असेतोवर एकच वाट होती, धोंडूतात्यांची नाव. पिंपरी कॅम्पात भाजी नेणाऱ्या बाया, दुधाच्या किटल्या, शेळ्या, सासरी निघालेल्या पोरी, सगळं त्या नावेतून. सुगीला घरटी बाजरी घातली की वर्षभर हक्कानं बसायचं.

नाव डुगडुगायची फार, पण बुडाली कधी नाही. कारण तात्यांचा खिळा. नावेच्या बाहेरच्या अंगाला त्यांनी एक मोठा खिळा ठोकला होता. माणसं चढली की ते वाकून बघायचे. खिळा पाण्याच्या वर दिसला तर नाव सुटायची. खिळा बुडला, तर जो शेवटी चढला त्यानं मुकाट्यानं उतरायचं — मग तो पाटील असो नाहीतर पाटलाचा जावई. एकदा जावई खरंच उतरला आणि नवा फेटा बांधून तासभर काठावर फुगून बसला. तात्यांनी विचारायचं, ज्याचं त्यानं सांगायचं. साक्षीपुरावा काही नाही. आमच्या गावात लोक बांधावरून खोटं बोलत, बैलाच्या दातांवरून तर हमखास बोलत, पण नावेत खोटं बोलत नसत. हे लिहितानाही माझे कान गरम होताहेत.

आता बबन. माझा शेजारी, माझ्याच वयाचा. हातात कसब असं की कुणाच्या विहिरीवरचं इंजिन रुसलं तर आधी बबनला हाक जायची. पिंपरीकडं नवी कंपनी उभी राहत होती, तिथं माणसं भरणार ही बातमी त्यानंच आणली. मला कुठं हौस होती? मला मळ्यातल्या आंब्याखाली झोपायला मिळालं की झालं.

"शेतावर तुजं दोन भाऊ हायेत. तू काय त्यांच्या भाकरी मोजनार हाईस व्हय? चल माज्यासंगं!" असं म्हणून त्यानंच मला उठवलं. लोहाराकडं नेऊन कानस कशी धरायची ते शिकवलं. लोखंडावरून माझी कानस घसरायची, तो पोट धरून हसायचा आणि पुन्हा माझं मनगट धरून सरळ करायचा. आठ दिवस त्यानं हे केलं — मी न सांगता, न विचारता.

भरतीचा दिवस श्रावणातला. नदी दुथडी. माझ्या अंगात चुलतभावाची फुलपँट, कमरेला दोन मुठी ढगळ, वर सुतळी बांधलेली. अर्ध्या वाटेवर सुतळी तुटली! परत घरी गेलो, दुसरी बांधली, आणि धावत काठावर आलो तर नाव भरलेली. आम्ही नावेतच भेटायचं ठरवलं होतं; बबन कडेला बसलेला. तेवढ्यात एका म्हाताऱ्याच्या शेळीनं भाजीवाल्या मावशींच्या पाटीत तोंड घातलं.

"आवर तुजी शेळी, न्हाईतर मेथीच्या भावानं तिलाच इकून येते!" मावशी ओरडल्या. सगळ्यांच्या माना तिकडं. बबन तर शेळीचं शिंग धरून भांडण सोडवत होता. आणि मी, एका हातानं पँट सावरत, मागच्या बाजूनं हळूच चढलो आणि बसलो.

तात्या वाकले. "खिळा बुडला रं. शेवटचा कोन?"

शेळीच्या गडबडीत कुणी पाहिलंच नव्हतं. बबननं मान वळवली, मला बघितलं. मी आधीपासून तिथंच बसलोय असं त्याला वाटलं असावं.

"मी का रं?" त्यानं विचारलं. किती सरळ विचारलं! त्याला माहीत नव्हतं, म्हणून त्यानं ज्याच्यावर विश्वास होता त्याला विचारलं. आणि मी म्हणालो —

"व्हय. तूच की."

झालं. एवढंच. बबननं शाळेचा दाखला डोक्यावर धरला आणि कमरेएवढ्या पाण्यात उडी मारली. "माजा नंबर धरून ठेव, मागनं आलोच!" असं हसत ओरडला. मी धरला हो नंबर. पण त्या ओढीच्या पाण्यात एक खेप म्हणजे तास-दीड तास — नाव खाली वाहत जायची, मग दोरानं काठाकाठानं वर ओढून आणायची. कंपनीच्या दारवानानं डोकी मोजली आणि दार लावलं. मी आत. साहेबानं हातात कानस दिली. मी ती बबननं शिकवली होती तश्शी धरली. लागलो नोकरीला.

संध्याकाळी तो काठावर माझी वाट बघत उभा होता. पाठीत असा धपाटा घातला की मी कळवळलो. "आपल्यातल्या एकाला तरी लागली राव!" तेव्हा सांगायचं होतं. नाही सांगितलं.

पुढल्या वर्षी तात्यांचे हात थकले आणि नाव बबनकडं आली. म्हणजे बघा, रोज सकाळी मी शिफ्टला निघायचो तो बबनच्या नावेतून! मला उशीर झाला तर तो नाव थांबवून ठेवायचा. नव्या माणसाला मोठ्या चवीनं किस्सा सांगायचा, "ह्यो माजा दोस्त कंपनीत, आन् मी हितं बांबू रेटतोय. कारन काय? खिळा!" नाव हसून डुलायची. मीही हसायचो.

तुम्ही म्हणाल, विशीतलं पोर, घाबरून बोलून गेलं. मीही स्वतःला बरीच वर्षं हेच सांगितलं. म्हणून पुढचंही सांगायलाच हवं.

दोन वर्षांनी आमचे मिस्त्री म्हणाले, "तुझ्या गावचा कुणी हाताचा चांगला असेल तर सोमवारी घेऊन ये." हाताचा चांगला — अख्ख्या पंचक्रोशीत कोण होतं, सांगा! त्या दिवशी घरी येताना मी बबनच्या समोर बसलो होतो, वीतभर अंतरावर. नदी शांत, शेळी नाही, खिळा वर. कशाचीच भीती नव्हती. मी फक्त विचार केला, की हा आला तर वर्षभरात माझ्या पुढं जाईल. आणि गप्प बसलो. सोमवारी मी माझ्या मेहुण्याला नेलं. त्यानं पहिल्याच दिवशी कानशीनं स्वतःचा अंगठा सोलला. सकाळी त्याला नदीपार सोडलं ते बबननंच, आणि वर नारळही दिला — कंपनीच्या दारात फोड म्हणून.

पहिल्यांदा मी भ्यालो होतो. दुसऱ्यांदा मी नीच होतो.

पूल झाला, नाव गेली, बबननं पंपदुरुस्तीचं दुकान टाकलं. चांगलं चाललं. ते त्याच्या हातांचं यश, त्याचा आधार घेऊन मी सुटणार नाही. मी निवृत्त झालो तेव्हा गावानं सत्कार केला. बबन बोलायला उठला आणि म्हणाला, "त्या दिवशी मी शेवटी चढलो, म्हनून ह्येचं सोनं झालं. आता हार निम्मा माजा!" सगळा मांडव हसला. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो.

बबन आजही रोज सकाळी येतो. बशीत ओतून चहा पितो, आणि माझ्याआधी माझं वर्तमानपत्र उघडतो. हे छापून आलं की तो अंक मी त्याच्या हातात ठेवणार आहे. चष्मा तो हमखास घरी विसरतो. तेव्हा मलाच वाचून दाखवावं लागेल.