आमच्या घरची जेवनार हाय

जवाहरनगरच्या क्वार्टरमध्ये आमच्या भिंतीला लागून डोमाजी गजभिये राहतात. फॅक्टरीत लेबर म्हणून लागले, आता रिटायरमेंटला आले. माणूस उंच, हाडापेराने मजबूत आणि बोलण्यात पक्का कंजूष. सकाळी सायकल काढली की मी कुंपणावरून विचारते, "निघाले काका?" ते म्हणतात, "हव." संध्याकाळी, "आले काका?" "हव." एवढ्यावर आमचा शेजार वर्षानुवर्षं सुखाने चालला आहे. मी अड्याळच्या कापडदुकानदाराची मुलगी, गिऱ्हाइकाशी बोलता बोलता वाढलेली. मला या माणसाची कधी कधी चीडच यायची. वाटायचं, तुळसामावशी कशी राहत असेल या मुक्या घरात.

तुळसामावशी त्यांची बायको, माहेर दिघोरीचं. अंगाने एवढीशी, पण पायाला भिंगरी. मुलगी सासरी गेली, मुलगा पुण्याला नोकरीला लागला, घरात दोनच माणसं उरली, तरी हिचं काम काही सरेना. तिला मी निवांत बसलेली कधी पाहिली नव्हती. म्हणून गेल्या हिवाळ्यात ती अंगणात कपडे वाळत घालताना मटकन खाली बसली, तेव्हा मला आधी वाटलं की दमली असेल, बरं झालं बसली. मग लक्षात आलं की ती पडली आहे.

माझ्या नवऱ्याने, राजकुमारने, गाडी काढली आणि आम्ही तिला भंडाऱ्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी पापणी ओढून पाहिली, रक्त तपासलं. रक्त फारच कमी होतं.

"मावशी, दिवसभरात काय काय खाता?"

"सगळंच खाते जी," मावशी म्हणाली.

बायका असं म्हणाल्या की त्यावर विश्वास ठेवू नये, हे डॉक्टरीणबाईंना ठाऊक असावं. त्या डोमाकाकांकडे वळल्या. "काका, तुम्ही सांगा. किती जेवतात या?"

"ते मांगून जेवते जी, माह्या झाल्यावर."

"हो, पण किती? भात किती, भाजी किती? काय आवडतं त्यांना?"

 डोमाकाका समोरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "मालूम नाई जी."

डॉक्टरीणबाई रागावल्या नाहीत. गोळ्या लिहून दिल्या आणि दोन महिन्यांनी या म्हणाल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, कारण काकांचा चेहरा मला बघवेना.

परतताना गाव मागे पडलं आणि मागच्या सीटवरून आवाज आला. "रेणूबाई, बाकी मानसायले मालूम रायते काय?"

"काय काका?"

"आपली बाई किती जेवते ते."

मी ठसक्यात "हो तर" म्हणणार होते. पण मग राजकुमारलाच विचारलं, मी किती जेवते? तो म्हणाला, "खूप." त्या दिवशी आमच्या घरी त्याला वरणभातावर भागवावं लागलं.

त्यानंतर डोमाकाका हट्टाला पेटले. त्यांना बायकोला जेवताना पाहायचं होतं. ऐकायला किती सोपं वाटतं. एका घरात, एका चुलीवरचं खाऊन उभा जन्म काढलेली माणसं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसलाच प्रकार. पण कळसा काही केल्या हाती येईना. काका म्हणत, "तू बी बस." ती म्हणे, "बसते ना." आणि काकांचं ताट वाढलं की तिला दूध उतू जाताना दिसे, दारात गाय दिसे, नळाला पाणी आल्याचं ऐकू येई. काका थांबून राहिले तर म्हणे, "तुमची साखरेची गोळी झाली, आता जेवा, नाईतं चक्कर येईन." कारण काकांना साखर आहे आणि गोळी घेतली की पोटात काहीतरी गेलंच पाहिजे. ती वेळ मावशी सांभाळते, घड्याळाकडे न बघता. काकांचं जेवण उरकलं की त्यांच्याच ताटात, स्वयंपाकघरात, भिंतीकडे तोंड करून ती जेवायची. एकदा काका पाय न वाजवता मागे जाऊन उभे राहिले. तिने ताटावर झाकण ठेवलं आणि उठली.

हे सगळं मला मावशीनेच सांगितलं, तेही तक्रारीच्या सुरात. "मानूस बिघडला जी," ती म्हणाली. "मांगं मांगं फिरते."

मग एका संध्याकाळी डोमाकाका आमच्या दारात आले. इतक्या वर्षांत ते उंबरा ओलांडून आत आले नव्हते. खुर्चीच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "तुमी लगनाच्या वाढदिवसाले कुठं जाता जी जेवाले? तिथं नवराबायको समोरासमोर बसते म्हनते."

आम्ही जातो ते हॉटेल हायवेवरून थोडं आत, तलावाच्या काठाला आहे. झाडांवर दिव्यांच्या माळा, प्रत्येक टेबलावर मेणबत्ती, गुलाबाच्या पाकळ्या, मंद गाणी. खरं सांगायचं तर मला त्याचं कौतुक कधीच सरलं होतं. आम्ही जातो, फोटो काढतो, फोटो चांगला येईपर्यंत जेवण गार होतं, ते खाऊन घरी येतो. काकांना मी म्हटलं, "तिथे कशाला काका? महाग आहे, आणि घरी काय वाईट आहे?"

"घरी चूल तिची हाय," काका म्हणाले. "तिथं चूल तिची नाई. उठून जाईन कुठं?"

वाद घालायचं सोडून मी हॉटेलचा नंबर शोधला. माझ्या बाबतीत हे क्वचित घडतं.

फोन मीच लावून दिला, पण बोलले ते. तिकडून मॅनेजरने विचारलं असावं की निमित्त काय, वाढदिवस की लग्नाचा वाढदिवस, कारण ते टेबल तशा हिशेबाने सजवतात. काकांनी विचार केला आणि सरळ सांगितलं, "आमच्या घरची जेवनार हाय." आमच्याकडे घरची म्हणजे बायको. मॅनेजरने पुन्हा विचारलं असावं, कारण काकांनी तेच पुन्हा सांगितलं.

तर आम्ही चौघं गेलो. काका म्हणाले होते की तुमी बाजूच्या टेबलावर बसा, तिले एकटं नको वाटाले. मध्ये बांबूची जाळी होती, त्यामुळे दिसतही होतं आणि ऐकूही येत होतं. मावशीने मुलाच्या लग्नातली निळी साडी नेसली होती. ती आत आली आणि थांबली. तलावात दिव्यांच्या माळा उलट्या पडल्या होत्या, पाणी हललं की सगळा उजेड हलायचा. ती किती तरी वेळ बघत राहिली. आमच्या जिल्ह्यात तलावांना काय तोटा, तिचं लहानपण तलावाच्या पाण्यावर धान रोवण्यात गेलेलं. पण तलावाकडे नुसतं बघायला म्हणून कोणी तिला आणलं नव्हतं. "केवढं सुंदर हाय जी," ती हळूच म्हणाली, आणि मी त्या पाण्याकडे पहिल्यांदा नीट पाहिलं. खरंच सुंदर होतं. दर वर्षी मी त्याच्याकडे पाठ करून फोटो काढत होते.

मॅनेजरने काकांचं म्हणणं मनावर घेतलं होतं. टेबलावर पाकळ्यांनी काही बदाम वगैरे काढला नव्हता. मावशीच्या पुढ्यातल्या ताटाभोवती पाकळ्यांचं गोल कडं घातलं होतं, फक्त तिच्या.

चिकन आलं, पोळ्या आल्या, भात आला. वेटरने वाढायला डाव उचलला तो मावशीने त्याच्या हातातून काढून घेतला, उभी राहिली आणि काकांना वाढलं. मग बसली आणि हात मांडीवर ठेवले.

"जेवा."

"तू जेव."

"तुमी जेवा, मंग मी."

"आज तू अगोदर."

घोडं तिथेच अडलं. दोघंही तसेच बसून राहिले. वेटर दोनदा येऊन काही कमी आहे का विचारून गेला. आमच्या टेबलावर राजकुमार सुपाचा चमचा हातात धरून तिकडेच बघत होता, आणि फोटोचं नाव आम्ही दोघांनीही काढलं नाही. माझ्या मनात आलं, ही बाई नाही ऐकायची. काका हरणार आणि उपाशी घरी जाणार.

काकांनी खिशातून गोळ्यांची पट्टी काढली. एक गोळी फोडली, तोंडात टाकली आणि वरून पाणी प्यायले.

मावशीचा चेहरा उतरला. "हे काय केलं? आता जेवा लवकर."

"जेवीन," काका म्हणाले. "तुह्या ताटात जेवीन. तुयं झाल्यावर."

 बायकोचं उष्टं नवऱ्याने खाणं, आमच्याकडे घरातही कोणी पाहिलेलं नाही, आणि हा माणूस भर हॉटेलात ते बोलत होता, जसं काही "हव" म्हणावं. मावशीने इकडेतिकडे पाहिलं. मग काकांच्या कपाळाकडे पाहिलं, घाम येतो आहे का ते बघायला. आणि ताट पुढे ओढलं.

काकांनी टेबलाच्या मधली मेणबत्ती उचलली आणि तिच्या ताटाशी ठेवली. त्या मंद उजेडात त्यांना नीट दिसत नव्हतं, आणि ते तर बघायलाच आले होते.

तुळसामावशी जेवायला लागली. काय वेगाने जेवली म्हणून सांगू. पदर तोंडाशी धरून, घास पुरता चावायच्या आत दुसरा, नजर स्वयंपाकघराच्या दाराकडे. मला वाटलं, गोळीची भीती. काकांनाही तेच वाटलं असणार. ते म्हणाले, "मले काई होत नाई. सावकाश खा."

"सावकाशच खाऊन राहिली," ती म्हणाली. "रोज असंच खाते."

"काहून?"

तिला प्रश्नच कळला नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "कोनी ना कोनी आवाज देते ना."

 काका पुढे वाकून बघत राहिले. तिने आधी हिरवी मिरची दाताखाली घेतली. भातावर लिंबू पिळलं. भात चाखून म्हणाली, "तांदूळ लांब हाय, चव नाई." चिकनचा रस्सा भातावर घेतला आणि त्यातले पीस एकेक करून ताटाच्या कडेला लावून ठेवले, काकांच्या बाजूला.

"तुले आवडत नाई काय?" काकांनी विचारलं. "घरी सारे पीस माह्याच ताटात येते, मले तं वाटे तुले रस्साच आवडते."

"आवडते ना," ती म्हणाली. "कोन म्हनलं आवडत नाई?"

मी आजवर पुष्कळ माणसांना नवल करताना पाहिलं आहे. मंडईत, मेळ्यात, आकाशात विमान गेलं की. पण डोमाकाका त्या क्षणी ज्या नजरेने आपल्या बायकोकडे बघत होते, तशी नजर मी कुणाची पाहिली नव्हती. एवढं मोठं काहीतरी रोज आपल्याच घरात, भिंतीच्या पलीकडे होत होतं आणि ते आपण पाहिलं नाही, हे त्या चेहऱ्यावर वाचता येत होतं.  आणि मला हेही वाटलं की हा माणूस मुका नाही, त्याला आतापर्यंत बोलण्यासारखं कुणी काही विचारलंच नव्हतं.

काकांनी हात पुढे केला आणि तिच्या ताटातला एक पीस उचलला. तिला वाटलं, खातील. त्यांनी तो तिच्या भातावर ठेवला. मग दुसरा, मग तिसरा. मग त्याच ताटातला, तिने कालवलेला भात घेऊन स्वतः खाल्ला.

"आता मी बी जेवून राहिलो," ते म्हणाले. "आता कोनी आवाज देत नाई."

मावशीने दाराकडे पाहणं सोडलं. पदर हळूहळू तोंडावरून खाली आला. दोघं एका ताटात जेवले, फार वेळ जेवले, आणि पाकळ्या ताटात पडल्या त्या बाजूला काढत राहिले. शेवटी आइस्क्रीम आलं तेव्हा पहिल्या चमच्याला मावशीने डोळे मिटून घेतले. काकांना साखर, त्यांना ते चालत नाही. ते हाताची घडी घालून नुसते बघत बसले, आणि मी शपथेवर सांगते, त्या हॉटेलात त्या रात्री त्यांच्याइतकं तृप्त कोणी नव्हतं.

दोन महिन्यांनी परत भंडाऱ्याला गेलो. रक्त वाढलं होतं. डॉक्टरीणबाई खूश झाल्या आणि मावशीला विचारलं, "आता नीट जेवता ना? काय काय खाता?"

मावशी म्हणाली, "सगळंच खाते जी."

"पयले मिरची घेते," डोमाकाका म्हणाले. डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. काका कॅलेंडरकडे नाही, त्यांच्याकडे बघून सांगत होते. "मंग भात, लिंबू पिळून. भात दोनदा घेते आता, अगोदर एकदाच घे. पोळी दीड. उजव्या अंगानं चावते, डाव्या अंगाची दाढ दुखते तिची, ते तुमाले सांगतलं नसन तिनं. चिकनचे पीस बाजूले ठेवते, ते मी परत टाकतो. लवकर लवकर जेवाची, आता नाई जेवत. गोड खाल्लं का डोळे मिटते."

मी आयुष्यात त्यांना इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. मावशी पदराचा काठ बोटाला गुंडाळत खाली बघत होती. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"काका, मागच्या वेळी तर तुम्हाला काहीच माहीत नव्हतं."

"तवा तिले जेवताना पायलं नोयतं जी," डोमाकाका म्हणाले.