परराज्याचा नंबर

जबलपूर-नागपूर रस्त्यावर आमची एक बस चालते. बाबा फॅक्टरीतून निवृत्त झाले तेव्हा हाती आलेल्या फंडातून त्यांनी ती घेतली. नातेवाइकांनी त्यांना वेड्यात काढलं. पण इथल्या, जबलपूरच्या मराठी माणसाचं नागपूरशिवाय पान हलत नाही. स्थळ बघायचं तर नागपूरला, डोळे दाखवायचे तर नागपूरला. बस भरून जायची. तिकिटं आणि हिशेब पहिल्यापासून माझ्याकडे.

मग स्टँडवर दुसऱ्या बस दिसायला लागल्या. चकाचक, झोपून प्रवास करायच्या, आणि नंबर पार ईशान्येकडच्या एका डोंगराळ राज्याचा. त्या राज्याचं नाव घेत नाही, त्याची यात काही चूक नाही. या गाड्यांनी तो डोंगर कधी पाहिलेलाही नसतो. बसवरचा टॅक्स दर सीटमागे भरायचा असतो आणि प्रत्येक राज्य आपापला दर ठरवतं. तिकडचा दर आमच्या मध्य प्रदेशापेक्षा इतका कमी की मालक नोंदणी तिकडे करतात आणि गाडी इथे पळवतात. टॅक्समधून जे वाचतं त्यात तिकीट स्वस्त होतं. आम्ही तेवढं स्वस्त करायचं म्हटलं तर डिझेल घरच्या पैशांनी भरावं लागलं असतं.

लोकांना मी दोष देत नाही. खरं सांगायचं तर देते. माझी एक आत्या आहे. तिच्यासाठी बाबा कायम पुढची खिडकी राखून ठेवत. एका सकाळी ती समोरच्या बसमध्ये चढताना मला दिसली. तिनेही मला पाहिलं. "अगं, यात पाय लांब करता येतात," असं म्हणून चढली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाबा एवढंच म्हणाले, "तिचे गुडघे दुखतात. जाऊ दे."

हळूहळू आमची बस एक दिवसाआड सुटायला लागली आणि ड्रायव्हरचा पगार निम्म्यावर आला. हा ड्रायव्हर जबलपुरातल्याच घमापूरचा, अगदी पहिल्या फेरीपासूनचा. त्याची मुलगी कॉलेजात आहे. समोरच्या बसच्या मालकाने त्याला बोलावणं धाडलं होतं. एक दिवस तो घरी आला आणि बाबांसमोर उभाच राहिला.

"बाबूजी, मैं जाना नहीं चाहता। लेकिन आधी पगार में घर नहीं चलता।"

बाबांनी त्याला चहा पाजला.

तो गेल्यावर मी विषय काढला. बसची नोंदणी तिकडे न्यायची. एजंट सगळं करून देतो. तिकडे आमचं ऑफिस आहे असं दाखवणारा एक भाडेकरार लागतो आणि त्यावर बाबांची सही.

"काहून?" बाबा म्हणाले. "बस इथं चालते, रस्ता इथला झिजवते, अन् टॅक्स तिकडं?"

"सगळेच तसं करून राहिले, बाबा."

"आपलं ऑफिस आहे तिकडं?"

"नाही."

"मग?"

मी भडकले. म्हटलं, दर वाढवून ठेवला की गाड्या दुसऱ्याच्या दारी जातात, हे सरकारला समजत नाही का? कमी दरात दहा गाड्यांनी टॅक्स भरला असता, आता जास्त दरात एकटे तुम्ही भरताय, आणि तुमचा हा खरेपणा त्या ड्रायव्हरच्या पगारातून चाललाय. शेवटचं वाक्य जरा मोठ्यानेच निघालं. ते तेव्हा खरं होतं आणि मला आजही खरंच वाटतं.

"आण ते कागद," बाबा म्हणाले.

बसला नवा नंबर आला. तिकीट उतरवलं, बस पुन्हा रोज सुटू लागली, ड्रायव्हरला पूर्ण पगार मिळायला लागला. आत्यासुद्धा परत आली आणि पुढची खिडकी मागितली. मला वाटलं, मिटलं एकदाचं.

या उन्हाळ्यात दीक्षितपुऱ्यात आमच्या गल्लीतल्या सरकारी शाळेच्या एका वर्गाचं छत खाली आलं. सुट्टी होती म्हणून पोरं वाचली. दुरुस्तीला बजेट नाही, असं उत्तर आलं. अशा वेळी गल्लीला बाबाच लागतात. सरकारी कचेरीत जाऊन भांडण्यात त्यांचा हातखंडा. राज्याचं बजेट आलं की जबलपूरच्या वाट्याला काय आलं ते पेपरातून मोठ्याने वाचायचं आणि प्रत्येक ओळीला सरकारची खरडपट्टी काढायची, हे त्यांचं दरवर्षीचं काम. शेजारची चार माणसं सकाळीच दारात आली.

"काकाजी, चलिए। आप नहीं बोलेंगे तो कौन सुनेगा?"

"आप लोग हो आइए," बाबा म्हणाले.

मला वाटलं तब्येत बरी नाही. आत येऊन विचारलं तर म्हणाले, "कोणत्या तोंडानं विचारू त्यांना, की शाळेचे पैसे कुठं गेले?"

माझा पारा चढला. "डिझेलवर टॅक्स देता तुम्ही. साबणापासून गोळ्या-औषधांपर्यंत सगळ्यावर देता. तुमचा हक्क आहे!"

"ते तर घेतल्याशिवाय सोडतच नाही कोणी," बाबा शांतपणे म्हणाले. "द्यायचा की नाही हे माझ्या हातात होतं, असा टॅक्स एकच होता, बेटा."

बाहेर शेजारी चपला न काढता ताटकळत उभे होते. मी पर्स उचलली आणि त्यांच्याबरोबर निघाले. वाटेत त्यांच्यातला एक म्हणाला, "दीदी, आज आप ही बोलना।" मी मान हलवली. कचेरी येईपर्यंत काय बोलायचं ते मला सुचलं नाही.